फियाटचा सेल्फ आणि अब्बांचं मनगट

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



कवीला भाषणाला बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, असं सगळे धरून चालतात. मी आज सेल्फवर बोलणार आहे. सेल्फ म्हणजे मोटारीचा स्टार्टर. पुस्तकात त्याला स्टार्टर मोटर म्हणतात. पण आमच्या शहाद्याच्या एखाद्या गॅरेजात जाऊन ‘स्टार्टर मोटर बिघडली’ असं सांगून बघा. पोरगं क्षणभर तोंडाकडे बघेल आणि म्हणेल, ‘म्हणजे सेल्फ गेला ना?’ किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी ती विजेची मोटर. इंजिन एकदा चालू झालं की तिचं काम संपलं. जेमतेम दोन-तीन सेकंदांची नोकरी, पण ती नसेल तर बाकीची सगळी गाडी म्हणजे अंगणातलं लोखंड.

आमच्या घरी म्हसावदला एक फियाट अकराशे डिलाइट आहे. १९७० सालची. माझा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे घरात आम्हा दोघांची तुलना होत आली आहे आणि ती बहुतेक वेळा गाडीच्या बाजूनं लागते. माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो, शहाद्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी फियाट पगारातून हप्ते कापून अब्बांना दिली. मग ती आमची झाली आणि गावाचीही. लग्नाची वरात, बाळंतीण, दवाखाना, दोंडाईचाला गाडी पकडायची घाई, तोरणमाळला जाणारे पाहुणे, सगळ्यांना फियाट लागायची. पहाटे कुणीतरी दारात येऊन हाक मारायचा, ‘काय भो, गाडी निंघस का नई?’ आणि अब्बा उठून बसायचे.

ही गाडी परदेशी नावाची असली तरी घडली आपल्या कुर्ल्याला. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढं इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि पन्नासच्या दशकात अकराशे सीसीच्या आतबाहेरची ही मोटार कुर्ल्यात तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि त्या नावानं ती मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशाला माहीत झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला झाली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी संपली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. मी फोटो बघितले आणि मनात पहिला विचार आला तो असा की आता स्पेअर पार्ट कुठून मिळणार!

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२४ च्या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला घरातल्या सगळ्यांनी फियाटनं जायचं ठरवलं. घोडेबाजार बघायचा, पोरांना फिरवायचं. सकाळी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. एकच आवाज, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मंद झाला.

आमच्याकडे अशा वेळी सगळे एका सुरात म्हणतात, बॅटरी उतरली. गेल्या दीड वर्षात या एका वाक्यावर आम्ही दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या. दुकानदारानंही दोन्ही वेळा आनंदानं दिल्या. नवी बॅटरी बसवली की महिनाभर गाडी लागायची, म्हणजे निदान बरोबर होतं असं वाटायचं. मग पुन्हा टक्. माझा पुतण्या नाशिकला एका मोठ्या शोरूममध्ये तंत्रज्ञ आहे. तो फोनवर म्हणाला, ‘काका, पूर्ण युनिट बदलायचं. आम्ही उघडत नाही.’ मी विचारलं, ‘या गाडीचं युनिट आहे?’ तो म्हणाला, ‘नाही.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘काका, मग विकून टाकायची.’

विकायचा विषय घरात आधीच चालू होता. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि २०२२ च्या एप्रिलपासून त्याची फी सहाशे रुपयांवरून एकदम पाच हजारांवर गेली. दुसरा रस्ता म्हणजे व्हिंटेज. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो. मान मोठा, पण तिला रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या. म्हणजे बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी आता सत्काराची शाल घेऊन घरी बसणार. धाकटा भाऊ म्हणत होता, भंगारवाला रोख देतो.

मी कुणाला काही बोललो नाही. सेल्फ बाहेर काढायचा आणि उस्तादांकडे न्यायचा, एवढंच ठरवलं. का, ते सांगायला मला १९९० सालात जावं लागेल.

त्या वर्षी मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. जून-जुलैचे दिवस. फियाटचा सेल्फ कुरकुरत होता. अब्बांनी मला दीडशे रुपये दिले आणि म्हणाले, ‘कॉलेजला जातोच आहेस, तर उस्तादला सांगून कार्बन आणि बुश घेऊन ये. मी इथंच बसवतो.’ त्या आठवड्यात धुळ्याला कविसंमेलन होतं. मी एसटीत बसलो तो धुळ्याच्या. भाडं दिलं, जेवलो, उरलेल्या पैशांत दोन कवितासंग्रह घेतले. घरी येऊन सांगितलं, ‘उस्ताद गावाला गेलेत. पुढच्या आठवड्यात आणतो.’

आठ दिवसांनी पहाटे पाऊस पडत असताना एकाला दोंडाईचाची गाडी पकडायची होती. सेल्फ बोलेना. अब्बांनी डिकीतून हँडल काढलं.

आजच्या पोरांना हँडल माहीत नाही, म्हणून सांगतो. इंग्रजी झेडसारखी वाकवलेली ती लोखंडी सळई. पुढच्या बाजूनं आत घालून इंजिनाला अडकवायची आणि हातानं झटका द्यायचा. तिचे कायदे असतात, आणि ते अब्बांनीच मला शिकवले होते. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूनंच ठेवायचा, हँडलभोवती मुठीसारखा वळवायचा नाही. झटका खालून वर ओढून द्यायचा, वरून खाली दाबून नाही. कारण ठिणगी कधी कधी वेळेआधी पडते, पिस्टन वर पोचायच्या आत स्फोट होतो आणि इंजिन उलटं फिरतं. आमच्याकडे म्हणतात, हँडल उलटं मारलं. त्या वेळी ते सुटून जायला हवं. मुठीत राहिलं तर हात घेऊन जातं.

त्या पहाटे हँडल ओलं होतं, घाई होती. अब्बांनी मूठ घट्ट आवळली. मी ओट्यावर उभा होतो. काडी मोडल्यासारखा आवाज आला, आणि अब्बा काही न बोलता चिखलात बसले.

शहाद्याचे डॉक्टर एक्स-रे धरून म्हणाले, ‘याचं नावच आहे, शोफर्स फ्रॅक्चर.’ अंगठ्याच्या बाजूचं मनगटाचं हाड. मोटारी हँडलनं चालू करायच्या त्या काळात ड्रायव्हर लोकांचं हे हाड इतकं मोडायचं की वैद्यकाच्या पुस्तकात त्याला त्यांचंच नाव मिळालं. नंतर मी वाचलं की सेल्फचा जन्मही अशाच एका अपघाताशी जोडला जातो. अमेरिकेत बायरन कार्टर नावाचे मोटार बनवणारे गृहस्थ होते. डेट्रॉइटला एका बाईची बंद पडलेली गाडी चालू करून द्यायला ते उतरले, हँडल उलटं येऊन जबड्यावर बसलं आणि पुढं १९०८ मध्ये ते न्यूमोनियानं वारले, असं सांगतात. कॅडिलॅकचे हेन्री लीलँड त्यांचे मित्र. त्यांना हे फार लागलं म्हणे. या कथेच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण पुढचं नक्की आहे. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनियरनं विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. केटरिंगनं आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर लावली होती. त्यातून त्याच्या लक्षात आलं होतं की मोटर सारखी चालवायची नसेल, क्षणभरच जोर हवा असेल, तर लहान मोटरलाही भरपूर वीज पाजता येते.

अब्बांचं प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघालं. गाडी ते पुढं कित्येक वर्षं चालवत राहिले. पण मनगट पूर्वीसारखं वळलं नाही. तळहात आभाळाकडे पूर्ण उघडेना. वजू करताना उजव्या हाताच्या ओंजळीत पाणी ठरायचं नाही, कोपराकडून ओघळून जायचं. ते काही बोलायचे नाहीत. डाव्या हातानं आधार द्यायचे. दिवसातून पाच वेळा मी ते बघायचो. २००९ साली ते गेले. दीडशे रुपयांचं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तर असा मी, २०२४ च्या डिसेंबरात, गाडीखाली पाठ टेकून पडलो होतो. आधी बॅटरीची अर्थची तार सोडवली. हे पहिलं काम, नाहीतर पाना कुठंतरी टेकतो आणि ठिणग्या उडतात. मग सेल्फची जाड केबल, मग बोल्ट. हात जेमतेम पोचतो, डोळ्यांत गंज पडतो. दुपारी सेल्फ बाहेर आला तेव्हा तो मला लहान मुलासारखा जड वाटला. पोत्यात गुंडाळून एसटीनं शहाद्याला नेला.

उस्ताद आता ऐंशीच्या घरात आहेत. गॅरेज नातू चालवतो, तिथं सगळ्या मोटारसायकली. उस्ताद दाराशी खुर्ची टाकून बसतात, डोळ्यांना कमी दिसतं. मी सेल्फ समोर ठेवला तर म्हणाले, ‘बेटा, मी सांगतो, तू कर. माझे हात कापतात.’

पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, ‘हेडलाइट लावून सेल्फ मारला होतास? दिवा काय म्हणाला?’ मी म्हणालो, ‘मंदावला.’ ‘मग वीज पोचत होती. दिवा तसाच राहिला असता आणि सेल्फ गप्प असता, तर तार किंवा टर्मिनल बघायचं. दिवा मेला म्हणजे वीज आत जाते आणि आत कुणीतरी तिला अडवतं.’ दीड वर्षात ही एवढी चाचणी कुणी केली नव्हती. मीही नाही.

यातलं गणित मला नंतर पुतण्यानं समजावलं. दोन हेडलाइट मिळून आठ-दहा अँपिअर खातात. सेल्फ एका वेळी दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, सुरुवातीच्या झटक्याला त्याहून जास्त. आता दीडशे अँपिअरच्या वाटेवर टर्मिनलच्या गंजामुळं एका ओहमचा पन्नासावा भाग एवढा जरी विरोध आला, तरी बारापैकी तीन व्होल्ट तिथंच जातात. म्हणून लिंबाच्या फोडीएवढा हिरवा-पांढरा थर अख्खी गाडी उभी करू शकतो. आमच्या गाडीचं टर्मिनल मात्र स्वच्छ होतं. दुखणं आत होतं.

सेल्फ उघडला. मधे फिरतं ते आर्मेचर, भोवती फिल्ड कॉइल. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, त्याला कॉम्युटेटर म्हणतात. त्यावर चार कार्बन स्प्रिंगनं टेकलेले असतात; त्यांच्यातून वीज फिरत्या भागात जाते. एकच वीज आधी कॉइलमधून आणि मग आर्मेचरमधून जाते, त्यामुळे ही मोटर थांबलेली असते तेव्हाच तिचा जोर सर्वांत मोठा असतो. वेग आला की जोर कमी होतो. इंजिनाला नेमकं तेच हवं असतं. कार्बन झिजले होते, पण इतके नाहीत. उस्ताद म्हणाले, ‘आर्मेचरच्या अंगावरून बोट फिरव.’ फिरवलं. ओरखडे लागले. ‘आता बाहेरच्या लोखंडी पोलवर बघ.’ एका बाजूला नव्या रुपयासारखी चकचकीत घासलेली जागा. उस्ताद हसले. ‘बुश.’

बुश म्हणजे आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती पितळी दिसणारी बारीक नळी, अंगठीएवढी. ती झिजली की दांडा खाली बसतो, आर्मेचर पोलला घासतं. नवी बॅटरी ताकदवान असते, ती घासत घासत फिरवून नेते. महिन्याभरात तिचा ताजेपणा उतरला की पुन्हा टक्. दोन बॅटऱ्यांचे पैसे त्या अंगठीएवढ्या नळीनं खाल्ले होते. तीच वस्तू १९९० साली माझ्या यादीत होती.

तयार बुश शहाद्यात कुठं मिळाला नाही. पण आपल्या खानदेशात विहिरीवरच्या मोटारी आहेत तोवर रिवाइंडिंगवाले आणि लेथवाले आहेत. उस्तादांच्या नातवानं मला एका लेथवाल्याकडे नेलं. तो पपईवाल्या शेतकऱ्याच्या पंपाचं काम करत होता. त्यानं दांडा कॅलिपरनं मोजला, गनमेटलच्या कांडीतून बुश कातला, आतून तेलासाठी बारीक खाच दिली आणि दोनशे रुपये घेतले. कंपनीचा बुश सच्छिद्र असतो, तो बसवायच्या आधी दिवसभर तेलात बुडवून ठेवतात म्हणजे तेल पिऊन घेतो. हा भरीव, म्हणून खाच.

परत आल्यावर कॉम्युटेटर साफ करायला घेतला. नातवानं हौसेनं हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा आणला आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खाली घ्यायला लागला. उस्तादांना दिसत नाही, पण आवाजावरून ते ओरडले, ‘थांब! डायनॅमोला खाच, सेल्फला नाही!’ डायनॅमोचे कार्बन मऊ, त्यात अभ्रक वर राहिला तर ते उडतात. म्हणून तिथं तो खरवडायचा. सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं, ते अभ्रकालाही बरोबर झिजवतात; आणि खाच केली तर तीच पूड खाचेत बसून दोन पट्ट्या जोडते. लुकास कंपनीच्या जुन्या सूचनांतही सेल्फच्या कॉम्युटेटरला खाच करू नये असंच आहे, हे मी घरी येऊन पडताळलं. उस्तादांनी ती पुस्तिका पाहिलेली असणं शक्य नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

बारीक काचपेपरनं तांबं उजळलं. एमरी नको, त्याचे कण तांब्यात रुतून बसतात. कॉइल पेट्रोलनं धुवायची नाही, कोरड्या फडक्यानं पुसायची. नवे कार्बन डाग देऊन जोडले. तो डाग मीच दिला, आणि वाकडा दिला.

सेल्फ बंद करून बोल्ट आवळत असताना मी उस्तादांना सांगितलं. खाली बघतच सांगितलं. नव्वद साल, दीडशे रुपये, धुळे, दोन पुस्तकं.

उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला माहीत आहे. तुझ्या अब्बालाही माहीत होतं. प्लॅस्टर गळ्यात बांधून आला होता इथं. मला विचारलं, तू खरंच गावाला गेला होतास का? मी म्हटलं, मी कुठं जाणार? तुझा पोरगा आलाच नाही.’

मी विचारलं, ‘मग?’

‘मग काय? कार्बन आणि बुश घेतले त्यानं. मी म्हणालो, पोराच्या कानाखाली मार. तर म्हणाला, पुस्तकंच घेतली असतील. दारू थोडीच पितो. आणि माझ्या दुसऱ्या हाताकडे बघून हसला. चहा प्यायला आणि गेला.’

एकोणीस वर्षं, पाच वेळा दिवसाला, आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. कविता म्हणून तर मुळीच नाही.

उस्तादांनी पैसे घेतले नाहीत. नातवानं घेतले, आणि ते बरोबरच आहे.

सेल्फ दुसऱ्या दिवशी बसवला. केबल आवळली, शेवटी अर्थची तार जोडली. धाकटा भाऊ ओट्यावर उभा होता, हातात भंगारवाल्याचा नंबर असलेला मोबाइल. किल्ली फिरवली. टक् नाही, घर्रर् झालं, आणि इंजिन लागलं. सायलेन्सरमधून काळा धूर निघाला, शेजारच्या कोंबड्या पळाल्या. भाऊ म्हणाला, ‘बंद करून पुन्हा मार.’ मारला. पुन्हा लागलं. त्यानं पाच-सहा वेळा मारायला लावलं. मी म्हटलं, बाबा रे, सेल्फला मध्ये दम घेऊ द्यावा लागतो, तापतो तो.

सारंगखेड्याला आम्ही गेलो. उशिरा गेलो, चांगले घोडे विकले गेले होते. कागदपत्रांचं, म्हणजे नूतनीकरण की व्हिंटेज, ते घरात अजून ठरलेलं नाही. दर जुम्म्याला जेवताना विषय निघतो आणि भाजी वाढेपर्यंत मिटतो. हँडल डिकीतच आहे, गोणपाटात गुंडाळलेलं. मी पुतण्याला ते दाखवलं आणि अंगठा कुठं ठेवायचा ते सांगितलं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. मी म्हणालो, फोटो नको, हात लाव. त्यानं हात लावला. अंगठा चुकीच्या बाजूला होता. मी तो धरून बाकीच्या बोटांशेजारी आणून ठेवला.